बोट नको, काडी लावा: गटाने नकाशा वाचायला शिकण्याच्या प्रकल्प नोंदी

काम: दहा नवशिक्यांना डोंगराळ माळरानावरच्या सुमारे १२ किलोमीटरच्या चालीत नकाशा आणि होकायंत्र वापरायला शिकवणे. कसोटी एकच. चालीत कुठेही थांबवले तरी प्रत्येकाने, शेजाऱ्याकडे न बघता, आपली जागा नकाशावर १०० मीटरच्या आत दाखवायची.

३ नोव्हेंबर: प्रती छापल्या

प्रमाण १:२५,००० ठेवले. यात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर आणि ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. १:५०,००० वर निम्म्या कागदात सगळा मार्ग मावतो, पण कुंपणे आणि छोटे ओढे गाळलेले असतात. नवशिक्याला नेमक्या त्यांचाच आधार लागतो.

छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करायचा. प्रिंटर तो गुपचूप लावतो आणि नकाशा ९७ टक्क्यांवर येतो. डोळ्याला फरक कळत नाही, पट्टीला कळतो: १ किलोमीटरची ग्रिड चौकट (नकाशावरच्या उभ्या-आडव्या रेषांमधला चौकोन) ४० मिलिमीटर भरायला हवी, ती ३८.८ भरते. अशा प्रतीवर ४ किलोमीटरचा टप्पा मोजला तर १२० मीटर कमी येतात, आणि मग दोष पावले मोजणाऱ्यावर जातो. प्रत्येक प्रतीची एक चौकट आडवी आणि उभी मोजूनच वाटप.

इंकजेटची शाई ओल लागली की पसरते, म्हणून लेझर प्रत. समास कापायचा नाही. प्रमाणपट्टी, उंचीच्या रेषांमधले अंतर, चुंबकीय उत्तराचा कोन, छपाईचे वर्ष हे सगळे तिथेच असते. पान लहान करायचेच असेल तर या चार गोष्टी मागे लिहून घ्याव्यात.

माणशी एक नकाशा. दोघांत एक दिला की एक जण वाचतो आणि दुसरा सोबत करतो.

५ नोव्हेंबर: होकायंत्रे तपासली

सगळी होकायंत्रे लाकडी टेबलावर एकमेकांपासून मीटरभर अंतरावर मांडली. लोखंडी पायांचे टेबल चालत नाही. सगळ्या सुया समांतर हव्यात. एखादी वेगळी दिसली तर तिची जागा बदलून पाहायची. तिथेही वेगळीच राहिली तर ते होकायंत्र बाजूला. पूर्ण उलटी झालेली सुई, म्हणजे लाल टोक दक्षिणेला, ही काल्पनिक भीती नाही. मोबाइलच्या स्पीकरजवळ खिशात राहिलेल्या होकायंत्राचे असे होते.

अंतरे ठरवून दिली: मोबाइल सुईपासून हातभर लांब, मोटारीपासून वीस-पंचवीस पावले, उच्चदाबाच्या विजेच्या तारांपासून त्याहूनही दूर. फसवणारी वस्तू बहुधा अंगावरच असते. मोबाइलच्या पाकिटाचे चुंबकी झाकण, पाण्याच्या पिशवीची नळी छातीवर अडकवायचे चुंबकी बक्कल, टेकायला हाताने धरलेले तारेचे कुंपण.

परदेशातून आणलेले होकायंत्र असेल तर ते कोणत्या चुंबकीय पट्ट्यासाठी तोललेले आहे ते पाहावे. उत्तर गोलार्धासाठी तोललेली सुई दक्षिण गोलार्धात एका बाजूने कलते आणि डबीच्या तळाला घासते.

८ नोव्हेंबर: खोलीत, फक्त उंचीच्या रेषा

आजच्या सत्रात होकायंत्र मुद्दाम दिले नाही. ते हातात आले की लोक जमिनीकडे बघणे सोडतात.

कंटूर म्हणजे समान उंचीच्या बिंदूंना जोडणारी रेषा, हे सगळ्यांना पाठ असते. तरीही सोंड (डोंगरातून बाहेर उतरत आलेली धार) आणि घळ (दोन सोंडांमधला खोलगट भाग) यांत गफलत होते. दोन्हीकडे रेषा टोकदार वळण घेतात. वळणाचे टोक चढाकडे असेल तर घळ, उताराकडे असेल तर सोंड. मग चढ कोणत्या बाजूला? जवळचे दोन उंचीचे आकडे वाचायचे. निळी ओढ्याची रेषा असेल तर प्रश्नच मिटतो, ओढा सोंडेवरून वाहत नाही.

सराव असा: पायवाटा पूर्ण विसरून, आधी सगळ्या धारा तपकिरी पेन्सिलीने आणि सगळ्या घळी निळ्या पेन्सिलीने रंगवायच्या. वीस मिनिटांत सपाट कागदाला उठाव येतो. पायवाटा सगळ्यात शेवटी वाचायच्या, कारण त्या बदलतात. गुरे नव्या वाटा पाडतात, जुन्या गवतात बुजतात, कुंपणे सरकतात. धार तिथेच राहते.

उताराचा अंदाज मिलिमीटरवरून. आपल्या नकाशात दोन रेषांमध्ये १० मीटर उंची आहे. रेषा ४ मिलिमीटर दूर असतील तर १०० मीटर चालल्यावर १० मीटर चढ, साधारण ६ अंश. आरामात चालता येते. २ मिलिमीटर म्हणजे ११ अंश, दम लागतो. १ मिलिमीटर म्हणजे २२ अंश, आणि तिथे गट लांबत जातो. त्याहून जवळ आल्या की तो भाग टाळूनच मार्ग आखायचा.

रेषा काय लपवतात तेही दाखवले. १० मीटर अंतर असलेल्या नकाशात ९ मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे बेमालूम बसू शकतो. आणि रेषा खाली दाट, वर विरळ असतील तर तो फुगीर उतार. वरून पायथा दिसत नाही, खालून खरा माथा दिसत नाही. 'आलाच माथा' असे तीनदा वाटायला लावणारे डोंगर असेच असतात.

९ नोव्हेंबर: होकायंत्र आणि तीन उत्तर दिशा

खरे उत्तर म्हणजे ध्रुवाची दिशा, ग्रिड उत्तर म्हणजे नकाशावरच्या उभ्या रेषांची, चुंबकीय उत्तर म्हणजे सुई दाखवते ती. चालणाऱ्याला शेवटच्या दोघांतला कोनच लागतो. तो समासात छापलेला असतो, पण जागेनुसार आणि वर्षागणिक बदलतो. सरावाचे उदाहरण: छापील कोन ६ अंश पश्चिम, नकाशा १० वर्षे जुना, बदल दर वर्षी ९ मिनिटे पूर्वेकडे. १० वर्षांत ९० मिनिटे, म्हणजे दीड अंश. आजचा कोन साडेचार अंश पश्चिम. नकाशावरून घेतलेला दिशाकोन (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला जाण्याच्या दिशेचा कोन) होकायंत्रावर लावताना पश्चिमेचा कोन मिळवायचा, पूर्वेचा वजा करायचा. उलट, जमिनीवर घेतलेला कोन नकाशावर उतरवताना उलटी क्रिया.

हा फरक किती महत्त्वाचा? ५ अंशांच्या चुकीने १ किलोमीटरवर ८७ मीटर बाजूला पडतो, ३०० मीटरवर फक्त २६. छोट्या टप्प्यांत हाताचा कंपच तेवढा असतो. पण जिथे छापील कोन १५-२० अंश आहे तिथे दुर्लक्ष करून भागत नाही. सवय आत्ताच लावलेली बरी.

दिशाकोन घेण्याची कृती: होकायंत्राची कड आहोत तिथून जायचे तिथवर ठेवायची, प्रवासबाण, म्हणजे पट्टीवर कोरलेला बाण, जाण्याच्या दिशेने. फिरती डबी अशी फिरवायची की तिच्यातल्या रेषा ग्रिडच्या उभ्या रेषांना समांतर आणि तिचे उत्तर नकाशाच्या वरच्या बाजूला येईल. सुईकडे इथे बघायचेच नाही. आकडा वाचायचा, फरक करायचा. मग होकायंत्र छातीशी आडवे धरून, डबीला हात न लावता, स्वतः फिरायचे. सुईचे लाल टोक डबीच्या तळावरच्या लाल चौकटीत आले की प्रवासबाण सांगेल ती दिशा.

उलटी दिशा दोन प्रकारे निघते: प्रवासबाण उलटा ठेवला किंवा डबीचे उत्तर खाली केले. दोन्ही एकदम उलटे झाले तर दिशा बरोबर येते आणि शिकणाऱ्याला वाटते, जमले! म्हणून डबी हातात घेण्याआधी तोंडाने अंदाज सांगायची सक्ती: 'साधारण आग्नेय, म्हणजे ९० ते १८०.' आकडा त्यात बसला नाही तर पाऊल उचलायचे नाही.

११ नोव्हेंबर: पावले आणि घड्याळ

टेपने १०० मीटर मोजले, दोन्ही टोकांना खुंट्या. पाठीवर चालीच्या दिवशीचीच पिशवी. फक्त डावे पाऊल मोजायचे. सपाटीवर प्रौढांचा आकडा बहुधा ६० ते ७० च्या दरम्यान येतो. तेच अंतर चढावर आणि खडबडीत गवतात पुन्हा. चढावर १५-२० पावले सहज वाढतात. प्रत्येकाने आपले आकडे चिकटपट्टीवर लिहून होकायंत्राच्या मागे लावले. मापताना लोक लांब टांगा टाकतात. ते टाळायला आकडा शेवटच्या फेरीचा घेतला, कंटाळल्यावर चाल खरी होते.

शंभर मीटर झाले की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. गप्पा मारणाऱ्याचे मोजणे हमखास चुकते, म्हणून मोजणाऱ्याशी बोलायचे नाही हा नियम. ६००-७०० मीटरांच्या पुढे नुसत्या पावलांवर विसंबू नये.

वेळेचा हिशोब: स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून कामाला येतो. तासाला ३ मैल, आणि दर २,००० फूट चढाईला एक तास जादा. मेट्रिकमध्ये तासाला ५ किलोमीटर, अधिक १० मीटर चढाला १ मिनिट. यात विश्रांती धरलेली नाही, आणि दहा जणांचा गट या वेगाने जात नाही. आम्ही तासाला ४ किलोमीटर धरले, म्हणजे १०० मीटरला दीड मिनिट. १.४ किलोमीटर आणि ६० मीटर चढ: २१ अधिक ६, एकूण २७ मिनिटे. तीव्र उताराला वेळ वाचत नाही. दर ३० मीटर उतरणीला १ मिनिट वाढवायचे.

१२ नोव्हेंबर: टप्पे आखले

१२ किलोमीटरचे ५०० ते ८०० मीटरांचे टप्पे पाडले. टप्पा संपतो ती जागा चुकूच नये अशी हवी: पूल, ओढ्यांचा संगम, खिंड, वाटेचा चौक. 'तीन झाडे' ही खूण होत नाही.

टप्पापत्रकात दिशा, अंतर, चढ, वेळ, वाटेत काय दिसेल, आणि कशाने कळेल की पुढे निघून गेलो. शेवटचा रकाना सगळ्यांना जड जातो, पण अख्ख्या पत्रकात तोच सगळ्यात कामाचा. नमुना: 'पुलापासून ओढा डाव्या हाताला ठेवून ६५० मीटर. चढ नाही. १० मिनिटे. ३०० मीटरवर उजवीकडून घळ येईल. वाट ओढा ओलांडू लागली तर ८० मीटर पुढे आलो.' ओढ्याचा 'डावा काठ' असे लिहू नये. कोण कुठे तोंड करून उभा आहे यावर वाद होतो. डावा हात प्रत्येकाला ठाऊक असतो.

जागेचा सहा अंकी ग्रिड आकडा: आधी पूर्वेकडे सरकायचे, मग उत्तरेकडे. पहिले तीन अंक आडवे, नंतरचे तीन उभे. हा आकडा बिंदू सांगत नाही, १०० मीटरचा चौकोन सांगतो, तोही त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून. १:२५,००० वर तो ४ मिलिमीटरचा. अंकांची अदलाबदल केली की जागा भलत्याच डोंगरावर पडते, आणि मदत मागताना हीच चूक महागात जाते.

१५ नोव्हेंबर: चाल, वाटेवरचा भाग

प्रत्येक टप्प्याला एक जोडी दिशा धरते, एक जोडी पावले मोजते, बाकीचे मनातल्या मनात जागा धरून चालतात. टप्पा बदलला की जोड्या बदलतात. शेवटचा माणूस ठरलेला, टप्प्याच्या शेवटी डोकी मोजायची. मार्गदर्शक मागे. तो पुढे असला की सगळे नकाशाऐवजी त्याचा चेहरा वाचतात.

नकाशा कायम जमिनीशी जुळवून धरायचा: समोरचे समोर, डावीकडचे डावीकडे, अक्षरे उलटी झाली तरी. अक्षरे सरळ ठेवायचा मोह फार असतो आणि दक्षिणेला चालताना तोच डावे-उजवे उलटवतो. घडी अशी घालायची की चालू टप्पा आणि आजूबाजूचा एखादा किलोमीटर एवढेच दिसेल. अंगठा शेवटच्या पक्क्या जागेवर.

जागा विचारल्यावर मात्र गवताची टोकदार काडी. बोटाचे टोक कागदावर १२ मिलिमीटर झाकते, म्हणजे ३०० मीटर. बोट लावणारा कधीच चुकत नाही. सगळ्यांनी एकदम काडी लावायची, मग एकमेकांचे पाहायचे. पहिल्यांदा बोलायचा मान सगळ्यात गप्प माणसाला. गटात चूक पसरते ती अज्ञानामुळे कमी, ठाम आवाजामुळे जास्त.

आजची ठळक चूक तिसऱ्या टप्प्यात. नकाशावर फाटा ६०० मीटरवर, म्हणजे ९ मिनिटांनी. जमिनीवर चौथ्याच मिनिटाला एक ठळक फाटा आला आणि दिशा धरणारी जोडी वळली. ती गुरांची वाट होती, नकाशावर नाही. मोजणाऱ्या जोडीच्या खिशात तेव्हा दोनच खडे होते, पण त्यांनी सांगितले नाही, आणि दिशा धरणाऱ्यांनी विचारले नाही. वळल्यावर जे जे दिसले ते सगळे नकाशात 'बसू' लागले: टेकडी थोडी डावीकडे आहे, पण तीच असेल, कुंपण नवीन घातले असेल. जमिनीला नकाशात कोंबण्याची ही सुरुवात. उतारा असा की फाट्यावर आपल्या मताच्या विरुद्ध पुरावा शोधायचा. तीन प्रश्न: अंतर जुळते का, वाटेचा दिशाकोन जुळतो का, जमीन कोणत्या हाताला उतरते? इथे दोन चुकले होते. २५० मीटर मागे येऊन गट पुन्हा मार्गावर.

पुढच्या टप्प्यापासून निघण्याआधी प्रत्येकाने एक भाकीत सांगायचे ठरले: 'सात मिनिटांनी चढ सुरू होईल', 'खिंडीत वारा समोरून येईल.' दुसरे भाकीत धाडसी आहे, पण चालेल. भाकीत चुकले तर थांबायला कारण मिळते.

१६ नोव्हेंबर: चाल, वाट सोडून

सुईकडे बघत चालणारा वाकडा जातो. प्रवासबाणाच्या रेषेत पुढे एखादा दगड किंवा झुडूप निवडायचे, सुई सोडून तिथवर जायचे, मग पुढचे निवडायचे. निवडलेली वस्तू जवळची असावी. दूरचे झाड खोलगटात उतरल्यावर दिसेनासे होते. धुक्यात किंवा एकसारख्या गवतात माणूसच पुढे पाठवायचा, दिसेल इतक्याच अंतरावर, हाताने डावे-उजवे करून रेषेत आणायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यापर्यंत जायचे. वेळ दुप्पट लागतो. डोंगराच्या कुशीतून आडवे जाताना पाय नकळत उताराकडे घसरतात, त्यामुळे प्रत्येक दगडाच्या चढाकडच्या बाजूने वळसा घालायचा.

दलदल किंवा काटेरी जाळी आडवी आली की काटकोन: ९० अंश वळून पावले मोजत बाजूला, पुन्हा मूळ कोनात पुढे, मग मोजलेली तेवढीच पावले उलट बाजूला. मधल्या भागाचे अंतर मूळ अंतरात धरायचे, बाजूचे नाही. हे विसरले की टप्पा लवकर संपल्यासारखा वाटतो.

ओढ्यावरचा पूल ८०० मीटरवर, मधे काही खूण नाही. थेट पुलावर नेम धरला आणि ओढ्याला पोहोचल्यावर पूल दिसला नाही, तर डावीकडे जावे की उजवीकडे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून नेम मुद्दाम १०० मीटर डावीकडे, म्हणजे दिशाकोन ७ अंश कमी. हाताची चूक ५ अंश धरली तरी ती ७० मीटर. ओढा लागल्यावर उजवीकडेच वळायचे. सगळ्या जोड्यांना पूल सापडला. सगळ्यात जास्त चुकलेली जोडीही योग्य बाजूलाच निघाली.

१९ नोव्हेंबर: जागा हरवल्यावर

गटाला गप्पांत गुंतवून, नकाशे बंद ठेवून दहा मिनिटे नेले. मग: आपण कुठे?

पहिली हालचाल म्हणजे हालचाल थांबवणे. शेवटची पक्की जागा, तिथून गेलेली मिनिटे, वेग. दहा मिनिटे म्हणजे जास्तीत जास्त ७०० मीटर. त्या त्रिज्येच्या वर्तुळाबाहेरचा सगळा नकाशा बाद. मग उतार. होकायंत्र सरळ खालच्या दिशेने रोखले, कोन आला वायव्येचा. वर्तुळात वायव्येला उतरणाऱ्या, म्हणजे ज्यांच्या कंटूर रेषा त्या दिशेला काटकोनात आहेत अशा, जागा दोनच निघाल्या. एकीच्या पायथ्याशी ओढा, दुसरीच्या नाही. पाण्याचा आवाज येत होता.

लांबचे दिसत असेल तर ओळखीच्या तीन खुणांवरून उलटे कोन (खुणेकडच्या कोनापेक्षा १८० अंशांनी वेगळे) घ्यायचे आणि रेषा नकाशावर ओढायच्या. त्या एका बिंदूत मिळत नाहीत, छोटा त्रिकोण होतो. त्रिकोण फार मोठा आला तर बहुधा कोन चुकलेला नसतो, एखादा डोंगरच चुकीचा ओळखलेला असतो. खुणा एकमेकींपासून ६० ते १२० अंशांवर असाव्यात. जवळजवळच्या निवडल्या तर रेषा तिरक्या छेदतात आणि चूक लांबते. वाटेवर किंवा ओढ्याकाठी उभे असू तर एकच रेषा पुरते.

२२ नोव्हेंबर: मोबाइल

मोबाइल पिशवीत, काडी लावून झाल्यावरच बाहेर. आधी पाहिला की डोके काम करायचे थांबते. मोकळ्या जागी तो साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो, अरुंद घळीत आणि दाट झाडीत बराच भरकटतो. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला, विमान मोड चालू. अॅपमधला ग्रिड प्रकार आणि संदर्भ-पृष्ठ (पृथ्वीचा जो आकार धरून नकाशा काढला तो) कागदावरच्या समासाशी जुळवले. ते वेगळे राहिले तर आकडा बिनचूक दिसतो आणि जागा काहीशे मीटर सरकलेली असते.

२५ नोव्हेंबर: साहित्य परत

टप्पापत्रकात एक रकाना वाढवला: 'निघालो ती वेळ'. तो नसल्याने मिनिटांचे भाकीत तपासताना वाद होत होते. पेन्सिलच वापरावी, बॉलपेन दमट कागदावर उमटत नाही.

एका होकायंत्रात बुडबुडा आला आहे. थंडीत किंवा उंचीवर आलेला लहान बुडबुडा खाली आल्यावर जिरतो, सुईला अडवत नाही. हा खोलीतही तसाच आहे आणि सुई त्याला टेकून थांबते, म्हणजे डबीतून द्रव गळतो आहे. ते वाटपातून काढले. दुसऱ्या एका होकायंत्राची कड तडकली आहे. दिशाकोन घ्यायला निरुपयोगी, नकाशा उत्तरेला लावायला पुरते. त्यावर लाल पट्टी चिकटवून पेटीत वेगळे ठेवले.